हात न लावलेला चषक

बर्फावरची हॉकी खेळणारा गडी अंगावर येणाऱ्या शंभर किलोच्या माणसाला भीत नाही, अपशकुनाला मात्र टरकून असतो. दानिलो ह्रिंचुक त्यातलाच. डावा बूट आधी, उजवा नंतर. बाद फेरी सुरू झाली की दाढीला वस्तरा लावायचा नाही. पण सगळ्यांत कडक नेम अजिंक्यपदाच्या चषकाचा. ज्याने तो जिंकलेला नाही, त्याने त्याला हात लावायचा नाही. लावला की जन्मात मिळत नाही.

आणि तोच चषक एका ऑगस्टात त्याच्या आईच्या अंगणात येऊन बसला.

आणला थोरल्या भावाने, ओरेस्टने. त्याच्या संघाने जूनमध्ये अजिंक्यपद मारलं होतं, आणि जिंकणाऱ्या प्रत्येकाला उन्हाळ्यात एक दिवस चषक घरी नेता येतो. दानिलो दुसऱ्या संघाचा. कॅनडातल्या सस्कॅचवनमधलं ते एवढंसं गाव, पण त्या दिवशी अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आईने पहाटेपासून पेरोगी लाटल्या, बटाटा भरून उकडल्या, लोण्यात परतलेला कांदा घातला आणि झाऱ्याने चषक काठोकाठ भरला. लोक काटे घेऊन थेट त्यातूनच खात होते.

दानिलो कुंपणापाशी उभा होता, दोन्ही हात खिशात.

"काय रे, कुणाचं पाकीट मारलंस?" स्तेफानकाका ओरडले. सगळे खदाखदा हसले.

"हसा, हसा! पुढच्या वर्षी माझ्या दारात रांग लावाल, तेव्हा बघतो एकेकाला."

आई काट्याला एक पेरोगी टोचून त्याच्याकडे आली. "एकच खा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"त्यातली आहे ना?"

"मग काय झालं? भावाचाच आहे की."

"माझं वाटोळं करायचंय का तुला?" तो चिडून म्हणाला. आवाज जरा मोठाच लागला. जवळची दोन-चार माणसं वळून बघू लागली. "माझा आणतो पुढच्या वर्षी. तेव्हा खाऊ दोघं."

"पुढच्या वर्षीचं कुणी पाहिलंय?" आई म्हणाली. मग तिनेच त्याच्या दंडावर थोपटलं. "बरं बाबा, राहिलं."

जानेवारीत तिचं हृदय बंद पडलं. दानिलो तेव्हा दौऱ्यावर, दोन हजार किलोमीटर लांब. मातीला आला आणि दुसऱ्याच दिवशी संघात परतला. तिलाही हेच आवडलं असतं, असं जो तो म्हणाला. अशा वेळी माणसं असंच म्हणतात, आणि ज्याला परत जायचंच असतं त्याला ते पटतं.

जूनमध्ये त्याचा संघ जिंकला. त्याने चषक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मैदानाला फेरी मारली. आनंद झाला, खोटं कशाला बोला? चांगला दोन दिवस टिकला. मग संघाच्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला: तुमचा दिवस कुठे करायचा? आणि दानिलोने 'नंतर सांगतो' म्हणून फोन ठेवून दिला.

हरला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटू लागलं. मग नेमाला मूर्खपणा म्हणता आलं असतं, स्वतःला चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण नेम फळला होता! आता बोल कुणाला लावायचा?

शेवटी चषक गावीच आला. ओरेस्ट आता त्याच घरात राहत होता. गावकरी दुपारी यायचे होते. चषकाबरोबर गावोगाव फिरणारा त्याचा राखणदार ओसरीवर कॉफी पीत होता. आईच्या स्वयंपाकघरात दोघे भाऊच.

"एक घास खाल्ला असता तिच्या हातचा, तर काय बिघडलं असतं रे?" दानिलो म्हणाला.

ओरेस्टने टेबलावरचा चषक बाजूला सरकवला. "तिनेही नाही खाल्लं."

"म्हणजे?"

"तू तिच्यावर ओरडलास ना, तेव्हा मी म्हटलं, आई, तू तरी बस आता, दोन घास खा. तर म्हणाली, मी त्याची आई, मलाही तोच नेम. त्याचा येऊ दे, त्यातूनच खाईन."

"चषकाला हातसुद्धा..."

"नाही लावला. फोटोला उभी राहिली तीही हात मागे बांधून. रात्री चहात पाव बुडवून खाल्ला आणि निजली. तुला सांगू नको म्हणाली. पोराच्या डोक्याला उगाच ताप नको, म्हणे."

दानिलोला त्या अंगणातला आपला आवाज पुन्हा ऐकू आला. माझं वाटोळं करायचंय का तुला.

"काय भरूया यात?" ओरेस्टने हळूच विचारलं. "लोक येतील आता."

दानिलो उठला आणि ओसरीवर गेला. राखणदाराला म्हणाला, "घेऊन जा."

"आत्ताच? साहेब, अख्खा दिवस आहे तुमचा."

"असू दे. जिला वाढायचं होतं ती उपाशी गेली."