चौथा ठोका उशिरा

"आबा, चमचा. प्लीज."

मी चहा ढवळत होतो, तो हात तसाच थांबला. समोर आमचे जावई गुरुनाथराव एका हाताने हेडफोन कानावर दाबून बसले होते आणि दुसरा हात त्यांनी चौकातल्या हवालदारासारखा माझ्यापुढे धरला होता.

"साखर सगळी तळाशी ऱ्हायली," मी म्हणालो.

"शुक्रवार आहे, आबा."

शुक्रवारी सकाळी आठला या घरात चमचा वाजवायचा नाही, नळ सोडायचा नाही आणि शिंक आली तर अंगणात जाऊन द्यायची. कारण त्या वेळेला स्वीडनमधल्या ग्रोस्टेन नावाच्या कंपनीची नवी गाणी बाहेर पडतात. गाणी म्हणायचं आपलं. शब्द नाहीत, सूर दोन-तीन, बाकी पोरांनी नाचावं म्हणून यंत्रावर केलेला धाडधाड ठेका. आणि कंपनी तरी कसली? लासे नावाचा एक दाढीवाला आणि त्याचं तळघर. पण या तळघरात आपला एक ठेका जावा म्हणून आमचे जावई बारा वर्षं झुरत होते. अडतीस ठेके पाठवले, अडतीस परत आले. दर वेळी उत्तर एकच: "फार स्वच्छ काम आहे, गुरुनाथ. फारच स्वच्छ. पण आमच्यासाठी नाही."

मी कराडचा. जन्मभर पिठाच्या गिरण्या दुरुस्त केल्या, त्यामुळे ठेका म्हणजे काय ते मला शिकवू नका. एकदा मी एका गिरणीचा पट्टा असा बसवला होता की शेजारच्या भजनी मंडळाने आपला पखवाजवाला कायमचा घरी पाठवला. माझ्या लेकीला, शुभदाला, ही गोष्ट सांगितली की ती म्हणते, "आबा, मागच्या वेळी तो तबलजी होता." असेल. माणसं बदलतात.

तर गुरुनाथराव. इथे आयर्लंडमध्ये, रिंगास्किडी बंदरापाशी औषधाच्या कारखान्यात गोळ्या पाडणारी मशिनं तपासायची, हे त्यांचं काम. गोळी केसभर जाड झाली तरी यांचा फॉर्म भरला जातो: काय चुकलं, किती गंभीर, कारण काय, उपाय काय. बावीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन वेगळा कसा वागणार? ग्रोस्टेनच्या नव्या गाण्यांसाठीही त्यांनी तसाच फॉर्म छापून घेतला होता. दुसऱ्यांची गाणी ऐकायची आणि चुका लिहायच्या. तेवढंच समाधान.

"पहिलं. बास फुगलाय. मायनर," ते पुटपुटले. "दुसरं. शेवट घाईत उरकलाय. मेजर. हा माणूस झोपेत वाजवतो की काय!" मग तिसरं लागलं आणि त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली.

"कोण आहे ही? के-ओ-आय-एन-ए. कोइना. फिनिश असणार. आणि गाण्याचं नाव 'हाफ सिक्स'. म्हणजे साडेसहा. आबा, असं इकडे आयर्लंडमध्ये म्हणतात! ही इथेच आहे कुठेतरी. आली असणार डब्लिनला शिकायला. पहिलंच गाणं आणि पहिल्याच फटक्यात घेतलं त्या लासेने!"

ओट्याशी शुभदा हॉस्पिटलला न्यायचा डबा भरत होती. तिच्या हातातलं झाकण डब्यावर बसता बसेना.

तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण पोटात गोष्ट ठेवणं मला या वयात झेपत नाही. ही कोइना म्हणजे आमच्या कराडची कोयना नदी. आणि ते नाव घेतलेली बाई म्हणजे शुभदा.

त्याचं असं झालं. गुरुनाथरावांना एक सवय आहे. रोज सकाळी साडेसहाला ओट्यावर चहा उकळत असतो आणि हे कपाटाच्या दाराला टेकून बोटांनी ठेका धरतात. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, शुभदाही म्हणते. एक, दोन, तीन, आणि चौथा ठोका अनामिकेचा, तो जरा मागून. ते बोट वाकडं आहे. कराडात मी लोकांना सांगतो की कृष्णेत मगरीने धरलं होतं. खरं म्हणजे दिवाळसणाला आले असताना माझ्या गिरणीच्या पट्ट्यात सापडलं. "घाला हात, मोटर बंद हाय," असं सांगणारा मीच होतो. असो. तर चौथा ठोका पडला की शुभदा चहाचं पातेलं उचलते. चहा तेव्हाच वर आलेला असतो. घड्याळ लागत नाही.

गेल्या साली गुरुनाथराव तीन महिने जर्मनीला मशिन पाहायला गेले. जायच्या आदल्या सकाळी हिने तो ठेका मोबाईलवर धरून ठेवला. मग रोज तो लावून चहा करायची. पुढे नवऱ्याच्या लॅपटॉपवर बसून त्यात किटलीची शिट्टी घातली, बंदरावरून फ्रान्सला जाणाऱ्या बोटीचा भोंगा घातला. मी इथे आलो तेव्हा मला ऐकवलं. लासेला लिहिलेला मेल दोन आठवडे तसाच पडून होता. "नको आबा, गुरुला कसं वाटेल?" म्हणत ती दूध बघायला उठली आणि मी बटण दाबलं. माझं बोट सरळ आहे.

"सापडलं!" जावई ओरडले. "चौथा ठोका एकतीस मिलिसेकंद उशिरा. दर वेळी! आठशे वेळा तीच चूक. कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"गुरु, तसंच हवं असेल त्यांना," शुभदा हळूच म्हणाली.

"तसंच हवं? मग मी बारा वर्षं एकेक ठोका रेषेवर आणून ठेवतोय तो कशासाठी?" त्यांनी फॉर्म ओढला आणि बोलत बोलत लिहिलं. "गांभीर्य: क्रिटिकल. कारण: वाजवणाऱ्याच्या हातात दोष. उपाय: वाजवणाऱ्याला पुन्हा शिकवणं." फोनवर त्याचा फोटो काढला. "पाठवतो लासेला. बारा वर्षांचा श्रोता आहे मी, एवढा हक्क आहे."

"अहो, पण पोरगी नवी हाय," मी म्हणालो.

"नवी आहे म्हणून तर, आबा."

फोनमधून सूं करून मेल गेला. शुभदाने डबा उचलला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि 'सांगू नका' अशी मान हलवून गाडीकडे गेली. झाकण ओट्यावरच राहिलं.

पुढचे चार दिवस गुरुनाथरावांनी ते गाणं किती वेळा ऐकलं असेल? मी म्हणेन हजार, तुम्ही शंभर धरा. एखाद्याने नवी गाडी घेतली की शेजारी जसा येता-जाता तिच्यावरचे ओरखडे मोजतो, तसं. बाथरूममध्ये ऐकलं, कॉर्क शहरात बाजाराला गेलो तर बसमध्ये ऐकलं. "भोंगा चांगला लावलाय," एकदा चुकून म्हणाले आणि लगेच, "पण तो काय, कुणीही लावेल." रविवारी जेवताना म्हणाले, "हिला नवरा असेल ना, तर त्याची दया येते मला. घरात असं वाकडंतिकडं ऐकत बसायचं."

शुभदाला ठसका लागला. मी तिला पाणी दिलं.

मंगळवारी संध्याकाळी लासेचं उत्तर आलं. शुभदा पोळ्या करत होती, मी तूप लावत होतो. जावई फोन नाचवत आत आले.

"ऐका! दोघंही ऐका. 'प्रिय गुरुनाथ, तुझं बरोबर आहे. एकतीस. आम्हीही मोजलं होतं.' बघा! बरोबर आहे म्हणतोय!" बारा वर्षांत त्या तळघरातून आलेला पहिला होकार होता तो. त्यांचं तोंड असं उजळलं होतं की मला वाटलं, मेल इथेच संपावा.

"पुढचं नंतर वाच, गुरु," शुभदा तव्याकडे बघत म्हणाली. "पोळी गार होतेय."

"थांब ग. 'मी तो ठोका सरळ करून तिला पाठवला होता. तिने नकार दिला. तिने लिहिलं ते जसंच्या तसं देतो: हा माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताच्या अनामिकेचा ठोका आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ते बोट...'"

इथे त्यांचा आवाज खाली आला. पण वाचायचं थांबले नाहीत. अर्धा भरलेला फॉर्म सोडायची सवयच नाही.

"'...ते बोट गिरणीच्या पट्ट्यात सापडलं. तेव्हापासून उशिरा येतं. बावीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला मी त्या चौथ्या ठोक्याची वाट बघते. तो सरळ करणार असाल, तर हे गाणं बाहेर काढूच नका.'"

पोळीला वास सुटला. कुणी उलटली नाही.

"कोयना," गुरुनाथराव म्हणाले. "कराडची."

"सांगणार होते."

"कधी?"

"शुक्रवारीच. तू क्रिटिकल लिहीत होतास."

"बटण मी दाबलं," मी म्हणालो. जन्मात एकदा खरं बोललो आणि कुणी लक्ष दिलं नाही.

"अभिनंदन," ते म्हणाले, आणि फोन उपडा ठेवून वर गेले. ते नुसतंच 'अभिनंदन' होतं, कारखान्यात साहेबाला बढती मिळाल्यावर म्हणतात तसलं.

शुभदाने करपलेली पोळी उतरवली. "आबा, मी त्याला आनंद व्हावा म्हणून लिहिलं होतं हो. त्याला कधीतरी दाखवीन म्हणून."

बुधवारी कारखान्यातून आल्यावर जावई मला बंदरावर फिरायला घेऊन गेले. फ्रान्सची बोट सुटायची होती. कठड्याला टेकून आम्ही उभे राहिलो. वारा असा की माझी कानटोपी उडून परत डोक्यावर बसली. बरं, बसली नाही. जावयांनी धरली.

"चिडलाय व्हय?" मी विचारलं.

"नाही. चिडायला तिने काय केलंय?" त्यांनी कठड्यावरचा हात उचलून बघितला. "आबा, अडतीस वेळा मी माझं उत्तमातलं उत्तम पाठवलं. आणि त्यांनी माझं घेतलं काय? तर हे." त्यांनी वाकडं बोट वर केलं. "ते पण तिच्या नावावर."

"पर बोट तुमचंच हाय की."

"तोच तर त्रास आहे."

बोटीने भोंगा दिला. गुरुनाथरावांचं तोंड असं झालं की जणू बोटीनेही त्यांचंच काहीतरी उचललं होतं. मग माझ्या लक्षात आलं, त्यांची बोटं कठड्यावर चालू आहेत. एक, दोन, तीन, चार. थांबायची, पुन्हा एक, दोन, तीन, चार. दात आवळून. मला वाटलं, थंडी.

गुरुवारी सकाळी ते प्रेसला टेकले नाहीत. वरच्या खोलीतून टकटक येत होती. शुभदा पातेल्यावर नजर ठेवून उभी राहिली आणि चहा नुसता अंदाजाने उतरवला. कच्चा झाला होता. मी पिऊन टाकला, फर्स्टक्लास म्हणून.

शुक्रवारी साडेसहाला गुरुनाथराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. प्रेसच्या दाराला तो मागच्या शुक्रवारचा फॉर्म चिकटवलेला होता. खोडाखोड कुठेच नाही. त्यांच्या धंद्यात चूक पुसत नाहीत, तिच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही-तारीख. 'वाजवणाऱ्याच्या हातात दोष' याच्यावर रेघ नव्हती. पुढे फक्त भर घातली होती: 'वाजवणारा: मी.' आणि उपायाच्या रकान्यात: 'सराव पूर्ण. तपासणी आज.'

"गुरु, हे काय?" शुभदाने विचारलं.

"बघ तर. चहा ठेव."

तिने चहा ठेवला. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं, पण बंदरावरचे दिवे विझले होते. पातेल्यात कडेने बुडबुडे आले. गुरुनाथराव दाराला टेकले, परीक्षेला बसल्यासारखे ताठ. शुभदाने पातेल्याला पकड लावली, मान जराशी कलती केली.

एक. दोन. तीन. चार.

कारखान्यातून गोळ्या पडाव्यात तसे चार. चौथा अगदी रेषेवर.

आता तुम्ही म्हणाल, एकतीस मिलिसेकंदात असा काय फरक पडतो, डोळ्याची पापणीसुद्धा मिटत नाही. मी सांगतो ते ऐका. शुभदाचा हात थांबला होता. ठोका पडून गेला होता आणि ती अजून त्याची वाट बघत होती. चहा वर आला, कडेवरून ओसंडला आणि सगळ्या ओट्यावर पसरला. मी बऱ्याच गोष्टी वाढवून सांगतो, ही नाही.

"आज वेळेवर आला," ती म्हणाली.

"हो ना?" गुरुनाथराव फुलले होते. "शून्य. मोजून बघ हवं तर."

"मोजते काय त्यात. ऐकू आलं की."

तिने फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागली. ते तिच्या पाठीकडे बघत होते. मग खिशातून पेन काढून फॉर्मवर सही केली. तारीख घातली. 'बंद' असं लिहिलं. 

उरलेला चहा तिने तिघांना गाळला. अर्धा अर्धा कप झाला. घड्याळात आठ वाजले तेव्हा माझा कप अजून तसाच होता, गार. हेडफोन टेबलावर वायर गुंडाळून पडला होता. स्वीडनहून काय आलं असेल ते आलं असेल, कुणी लावलं नाही.

मी साखर घातली आणि ढवळायला लागलो. चमचा कपाला लागून वाजत होता. मी बराच वेळ ढवळत राहिलो.

कुणी हात केला नाही.