चौथं पॅनेल

धाकट्या भावाने पाठवलेलं सोलर पॅनेल वायरमनने उलटं करून मागची पट्टी वाचली आणि मान हलवली.

"ताई, हे नाही जोडता येणार. छपरावरच्या तिन्हींचे मिळून सत्तावीस अँपिअर होतात. बॅटरी चार्ज करणारा कंट्रोलर तीसचा. हे एकटंच तेरा देतं. जोडलं तर कंट्रोलर जळेल."

थोरली खुर्चीत बसली. कंट्रोलर जळला म्हणजे बॅटरी गेली, आणि बॅटरीवर तर आईचं श्वासाचं यंत्र. आताही पहाटे बॅटरी उतरली की ते बीप करतं, मग उठून आईची नळी ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावायची. त्या बीपच्या धास्तीने थोरलीला वर्षभर धड झोप नव्हती. चौथं पॅनेल आलं की झोपेन, एवढ्या एका आशेवर ती होती.

तिने फोन लावला. धाकटा म्हणजे दिलदार गडी. वस्तू पाठवायला सदैव तयार, स्वतः यायचं नाव नाही.

"अगं, मग मोठा कंट्रोलर पाठवतो!"

"कंट्रोलर नको. तू ये. एक रात्र आईपाशी बस, मी झोपते."

"सध्या जरा कठीण आहे गं. बघतो."

थोरलीने फोन ठेवला. तिला रागही आला नाही. रागवायलासुद्धा अंगात जीव लागतो. वायरमन पॅनेल भिंतीला टेकवून निघून गेला.

"ते इकडे आण," आई खाटेवरून म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. "खाटेला टेकव. आणि आमटीचा डाव दे मला."

"डाव कशाला?"

"तू आतल्या खोलीत दार लावून झोपत जा. बीप झाला की मी याची चौकट बडवते. माझी हाक काही तिथवर पोचायची नाही."

वर्षभरात 'तू झोप' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. थोरलीचे डोळे भरून आले. "आत्ताच वाजवून बघ," म्हणत ती आत गेली, दार लावलं आणि आडवी झाली.

उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. ती धावत बाहेर आली. यंत्र संथ चाललं होतं, डाव आईच्या मांडीवर.

"वाजवलाच नाहीस?"

"वाजवला की एकदा. तू ओ दिली नाहीस. म्हटलं, बाहेर ऊन आहे, बॅटरी भरतेय, झोपू दे पोरीला." आईने दम घेतला. "रात्री जोरात वाजवीन."