गुणाजींचं गाऱ्हाणं

"फोन तुमच्या हातात दिवचंय नाय हां, भावजी! आधीच सांगतंय." दार उघडता उघडताच रत्नप्रभाबाईंनी बजावलं.

"दिव नका. तुमच्याच हातात ऱ्हवांदे, फक्त जवळ आणा," सहदेव चपला काढत म्हणाले.

सहदेव म्हणजे बाईंच्या नवऱ्याचे, गुणाजींचे, जिवाभावाचे दोस्त. दोघं एकाच गिरणीत, पुढे दोघं चारकोपच्या एकाच सोसायटीत. सत्यनारायणाच्या पूजेला देवापुढे गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं, घालायचं ते गुणाजींनीच. त्यांचा खणखणीत आवाज लागला की अख्खी बिल्डिंग 'व्हय म्हाराजा' म्हणायची. गेल्या दिवाळीनंतर गुणाजी गेले आणि येत्या रविवारच्या पूजेचं गाऱ्हाणं सहदेवांच्या गळ्यात पडलं. पण त्यांना शब्द आठवतील तर शपथ! ते शब्द गुणाजींच्या आवाजात एकाच ठिकाणी होते, रत्नप्रभाबाईंच्या फोनमध्ये.

आणि बाई तो फोन कुणाला बोट लावू देत नसत. मागे एका दुकानदाराने दुरुस्तीला दिलेला फोन कोरा करकरीत करून परत दिला होता. लेकीच्या लग्नाचे फोटो गेले ते गेलेच. त्यानंतर फोनमध्ये भरलेला नवऱ्याचा आवाज एवढाच आता उरला होता. तोही गेला तर?

"पाठवलंय तर माझ्याकडसून जायत ना?"

"नाय गे वयनी! माका येतला, तुमच्याकडेय ऱ्हवतला. नेट नको, रिचार्ज नको. जवळ बसला की झाला." सहदेवांनी आपला फोन पुढे केला. शेजारच्या फोनवर थेट पाठवायचं हे ॲप त्यांना लेकीने शिकवलं होतं आणि आता ते मोठ्या मास्तरच्या थाटात होते.

बाईंनी देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं. सहदेवांचा फोन टुणकन वाजला. बाईंनी तातडीने आपल्याकडचं लावून पाहिलं. "बा देवा म्हाराजा..." गुणाजी तिथेच होते. बाईंचा जीव भांड्यात पडला. सहदेवांनीही आपल्याकडचं लावलं, आणि एका खोलीत दोन गुणाजी गाऱ्हाणं घालू लागले. दोघं पोट धरून हसली.

"आता माझी पाळी," सहदेव म्हणाले. "तुमी डबो भरून दिलात. रिकामो परत करतत काय?"

बाईंच्या फोनवर प्रश्न उमटला, घ्यायचं का? त्यांनी सवयीने 'नको' दाबलं.

"अगे वयनी, नको कित्याक?"

"पयल्यांदा नकोच म्हणतत ना कोणी काय दिवक लागलो की!"

"फोनाक कसली इलीय लाज!" सहदेवांनी कपाळावर हात मारला. "ह्यो दुसऱ्यांदा आग्रह करूचो नाय. मीच करतंय परत. घेवा."

यावेळी बाईंनी घेतलं. चहा घेऊन सहदेव निघाले. दारात थांबून म्हणाले, "मी गेल्यावर आयका. भजनाच्या तालमीचा रेकॉर्डिंग आसा, आमचो गोंधळ नुसतो."

दार लावून बाई स्वयंपाकघरात आल्या. दुपार कलली होती आणि ओट्यावरचा भात अजून झाकलेलाच होता. गुणाजी सोसायटीची कामं आटपून कधी येतील याचा नेम नसे. त्यांच्याआधी बाई कधी जेवल्या नाहीत. आता वाट बघायला कुणी नव्हतं, तरी ताट वेळेवर वाढलं जात नव्हतं.

त्यांनी सहदेवांनी पाठवलेलं लावलं. टाळ, खोकला, कुणाचातरी चुकलेला सूर. मग गुणाजींचं हसू, मोकळं, घरातलं. हे त्यांच्याकडे नव्हतंच! गाऱ्हाण्यात देवाशी बोलणारे गुणाजी होते. हे नुसते बाईंचे होते. त्या खाली बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

"पुरे आता, सहदेवा," फोनमधले गुणाजी म्हणत होते. "उठतंय मी. रत्ना जेवची थांबली असतली. कितके वेळा सांगलंय, जेवून घे गो, माझी वाट बघू नको. आयकत नाय बाई!"

"आयकलंय," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. भात गरम केला, आमटी घेतली, लोणच्याची फोड ठेवली. ताट एकच वाढलं आणि फोन समोर उभा करून पोटभर जेवल्या.