सगळी चांदीच भरा

मी एक जुनी नस आहे. खालच्या डाव्या दाढेच्या पोटात राहते. मित्रांनो, एकोणीसशे अडुसष्ट साली मी सूड घेतला आणि पाचोऱ्याचे कापडवाले केवलचंदभाऊ भर दुकानात ढसाढसा रडले. पण तूर्त तसे काही घडलेच नाही, असे धरून चालू या.

दाढ बाहेरून दगडासारखी दिसते. आत मी असते. मऊ, जिवंत आणि रागीट. दाढेला रक्त पोचवणे आणि वेळेवर ठणकणे ही माझी कामे. पहिले काम मी जन्मभर केले, कोणी शाबासकी दिली नाही. दुसरे एकदाच केले, तर लगेच मला जळगावला डॉक्टरांकडे नेले.

लीलाधर डॉक्टरांनी कीड कोरून काढली. "केवलचंदभाऊ, खड्डा खोल आहे, नस अगदी जवळ. तळाला लवंगतेल आणि जस्ताच्या भुकटीचा लेप देतो, वर चांदी भरतो."

"लेप दिसेल का?"

"नाही. चांदीखाली झाकला जाईल."

"मग ती जागा कशाला वाया घालवता? सगळी चांदीच भरा."

"अहो, चांदीतून थंड-गरम थेट नसेला लागतं. मध्ये काहीतरी हवं."

"चांदीखाली दुसरंच काही घातलेला माल आमच्यात कोणी घेत नाही, डॉक्टरसाहेब. भरा."

डॉक्टरांनी भरली. माझ्या डोक्यावर चांदीचे छत आले. चहा आला की मी भाजायची, पाणी आले की गोठायची. असेच चालले तर नस मरेल, असे डॉक्टरांनी निघताना बजावले होते. भाऊ म्हणाले, "बघू." माझ्या मरणावर एवढीच चर्चा झाली.

भाद्रपदात संवत्सरी आली. त्या दिवशी जैन मंडळी वर्षभरात दुखावलेल्या सगळ्या जीवांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून क्षमा मागतात. भाऊंनी गिऱ्हाइकांची मागितली, मुंग्यांची मागितली, दारातल्या बैलापुढेही हात जोडले.

"शेठ, हाऊ बैल आपला नही शे," हिलाल हमाल म्हणाला. "धरणगाववाला शे."

"असू दे. पुन्हा भेटतो, न भेटतो."

मी वाट बघत होते. सगळ्यांचे झाले, माझे नाव आलेच नाही. तेव्हा मी ठरवले.

शेजारचे दुकानदार मोहनलाल यांच्याशी भाऊंचे बोलणे बंद होते. त्यांची पाटी एक वीत पुढे आली होती, एवढेच कारण. "बैलाची मागितलीत, आता माणसाची मागा," असे म्हणून भंवरीबाईंनी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला त्यांच्या दुकानात ढकलले. भाऊंनी तिथे हात जोडले, पण शब्द फुटेना. मोहनलालांच्या सूरजबाईंनी थंडगार केशरदुधाचा पेला पुढे केला. पहिला घोट डावीकडे वळला. मी होता नव्हता तो जीव एकवटून कळ मारली.

भाऊंच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"अरे केवल," मोहनलाल म्हणाले, "एवढं मनाला लावून घेतलंस?" आणि तेही रडू लागले. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले. संध्याकाळी पाटी मागे सरकली. क्षमा मागावी तर केवलचंदभाऊंनी, असे गावभर झाले.

सूड माझा, कीर्ती त्यांची.

एकट्या भाऊंचे रडणे थांबेना, तेव्हा पुन्हा जळगाव. डॉक्टरांनी चांदी उकरली, तळाला लेप दिला, वर पुन्हा चांदी भरली. "या खेपेला चांदी कमी बसली," भाऊ कुरकुरले. लेपाखाली मी निवले. हळूहळू आतून मीही भिंत जाड करून घेतली. मित्रांनो, खड्डा खोल असेल तर तळाचा लेप मागून घ्या. तो दिसत नाही, पण त्याच्याखाली कोणीतरी जगत असते. मी वाचले. विसरले मात्र काही नाही.

सबब, संबंधितांना सविनय विनंती की, मोहनलालांच्या दुकानात गळालेले सर्व अश्रू अर्जदार नसेच्या नावे दाखल करावेत, पाटी पूर्ववत एक वीत पुढे आणावी, आणि येत्या संवत्सरीस केवलचंदभाऊंनी आरशासमोर तोंड उघडून, खाली डावीकडे पाहून, अर्जदारास रीतसर 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणावे. बैलाच्या आधी.

तोवर अर्जदार आतच आहे.