तांबडा ठिपका

चिमाजी गुरुजींना पुण्याला जायचं नव्हतं. झालं, एवढीच गोष्ट. पण एवढ्याशा गोष्टीवरून बापलेकीत जी धुसफूस चालायची, ती घोडेगावच्या स्टँडवरच्या चहावाल्यालासुद्धा तोंडपाठ झाली होती.

गुरुजींच्या बायको बायडाबाई वारल्या आणि उज्ज्वलानं एकच टुमणं लावलं, "आबा, माझ्याकडं राहायला चला." पोरगी पुण्यात एका कंपनीत कामाला. तिथले सगळे कॉम्प्युटर आणि त्यांचं नेट नीट चालतंय का, यावर दिवसभर नजर ठेवायची, असलं तिचं काम. कोथरूडला भाड्याच्या खोलीत एकटीच राहायची, आणि लग्नाचा विषय काढला की अंगावर धावून यायची.

"एकटीनं एकट्याची काळजी करायची, ह्याला काय अर्थ हाय का?" गुरुजी म्हणायचे. आणि म्हशीचं निमित्त तर तयारच असे. "मी आलो तर हिला कोण बघंल? तुझ्या तिसऱ्या मजल्यावर बांधू का?"

दोन हजार आठच्या दिवाळीला उज्ज्वला आली ती जुना कॉम्प्युटर घेऊनच. टेलिफोनच्या वायरीवरून तिनं घरात नेट घेतलं, दोन दिवस खुडबूड केली आणि पडद्यावर एक हिरवा ठिपका आणून दाखवला.

"हा हिरवा म्हणजे आपल्या घरचं सगळं चालू. तुम्ही उठलात, कॉम्प्युटर लावलात, सगळं ठीक. तांबडा झाला की मला पुण्यात लगेच कळणार."

"म्हंजी माझ्यावर पहारा."

"पहारा नाही हो आबा. लक्ष."

"एकच ते." गुरुजींनी पडद्याकडं मान तिरकी करून पाहिलं. "लई म्हाग पडलं असंल हे?"

"फुकट आहे. आणि चोरीचंही नाही. जगभरातले लोक आपापल्या घरी बसून असले प्रोग्रॅम थोडे थोडे करतात आणि सगळ्यांना वापरायला देतात. कुणाला चूक दिसली तर तो दुरुस्त करून परत सगळ्यांना देतो."

गुरुजी एकदम सरळ बसले. त्यांचा जन्म वरच्या डोंगरातला. तिथं भाताची लावणी कुणी एकटा करत नाही. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या खाचरात. याला सावड म्हणतात, आणि कुणाची सावड फेडायची राहिली तर तो माणूस चार लोकांत मान वर करून बसत नाही.

"मग असं सांग ना, सावडीचं काम हाय!" ते म्हणाले. "पण पोरी, सावड एकीकडून नसती. माझा ठिपका तुला दिसणार, तर तुझ्या खोलीचा ठिपका मला कुठं दिसतोय?"

"माझा कशाला? मी धडधाकट आहे."

"मी काय खाटंवर पडलोय व्हय?"

उज्ज्वला हसली, पण बाप हट्टाला पेटलेला. शेवटी पडद्यावर दुसरा ठिपका आला. एकाखाली घोडेगाव, दुसऱ्याखाली पुणे. मग तिनंही आपली अट घातली. ठिपका तांबडा होऊन तसाच राहिला आणि फोन करूनही माणूस काही सापडलं नाही, तर आबांनी मुकाट्यानं पुण्याला यायचं. म्हैस मधे आणायची नाही.

"कबूल," गुरुजी म्हणाले. "अट दोघांना सारखी."

"बरं बाई, सारखी," उज्ज्वला म्हणाली. म्हाताऱ्याची समजूत काढायला आपण काय वाटेल ते म्हणतो, तसं.

जाताना तिनं आणखी एक वस्तू दिली. काळी, सपाट, वहीएवढी पाटी आणि तिची पेन्सिल. पाटीवर लिहायचं आणि अक्षर उमटणार समोरच्या पडद्यावर. अक्षर उमटवणारा प्रोग्रॅमही सावडीतलाच. गुरुजींना टाईप करणं जमत नव्हतं, पण अक्षर मोत्यासारखं. "जन्मभर पोरांना ओरडलो, पाटीवर बघून लिहा म्हणून," ते कुरकुरले, "आता मीच पाटीवर न बघता लिहू का?" आठवडाभर अक्षरं दारू प्यायल्यासारखी हिंडली. मग हात बसला.

रोज सकाळी एक पान पुण्याला जाऊ लागलं. म्हशीनं किती छळलं, शेजारचा जानकू काय बरळला, कालवणात मीठ कसं जास्त पडलं. संध्याकाळी उज्ज्वलाचं पान यायचं, तिच्याकडच्या तशाच पाटीवर तिच्याच हातचं, वाकड्यातिकड्या अक्षरात. त्या पाटीत तांबडी शाई होती, हे गुरुजींना कळलं मात्र, पोरीची धडगत राहिली नाही. प्रत्येक पान तपासून परत! कधी "अक्षर सुधारणे," कधी "जेवणात भाजी का नाही?"

लिहिताना त्यांना एक गोष्ट खटकायची. पानावरच्या रेघा इतक्या जवळ की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडके. त्यांनी उज्ज्वलाला सांगितलं, तिनं तो प्रोग्रॅम बनवणाऱ्याला कळवलं, आणि त्या कुठल्या परमुलखातल्या भल्या माणसानं मराठीसाठी ऐसपैस रेघांचं पान करून पाठवलं, वर आभार मानले. गुरुजी त्या दिवशी स्टँडवर छाती काढून फिरले. "आपली सावड फिटली," असं ज्याला त्याला सांगत सुटले. चहावाल्याला काडीचं कळलं नाही, पण त्यानं स्पेशल चहा पाजला.

आता घोडेगावात वीज म्हणजे पाहुणी. लोडशेडिंग झालं की कॉम्प्युटर बंद आणि ठिपका तांबडा. पहिल्याच महिन्यात उज्ज्वलानं घाबरून जानकूला फोन केला. जानकू लुंगी सावरत धावत गोठ्यात आला.

"गुरुजी! हाय ना तुमी?"

"नसायला काय झालं? धार काढतोय."

"उज्जूचा फोन आला, तुमी तांबडं झालाय म्हणून!"

असं तीनचारदा झालं. गुरुजी वैतागायचे, फोनवर लेकीला फैलावर घ्यायचे. पण फोन ठेवल्यावर म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "बघितलंस? आपलं कुणीतरी हाय." खोटं कशाला बोला, बरं वाटायचं त्यांना.

आणि मग श्रावणातल्या एका सकाळी गुरुजींनी कॉम्प्युटर लावला, तर घोडेगाव हिरवं आणि पुणं तांबडं. आदल्या संध्याकाळचं पानही आलेलं नव्हतं.

त्यांनी मोबाईलला फोन लावला. बंद. चहा पिऊन परत लावला. बंद.

"अहो, नेट गेलं असंल," जानकू म्हणाला. "तुमचं नाय का जात?"

"माझं गेलं तवा तू लुंगी सावरत पळालास ना?" गुरुजी कडाडले. "मग माझ्या पोरीसाठी कोण पळणार?"

बायडाबाईचं दुखणं असंच गप्प राहून वाढलं होतं, ते आठवलं आणि त्यांनी खुंटीवरची पिशवी ओढली. त्यांनी तांदूळ, लोणचं आणि चार नाचणीच्या भाकऱ्या पिशवीत कोंबल्या. म्हैस जानकूच्या गळ्यात घातली. निघता निघता काय वाटलं कुणास ठाऊक, मागे फिरून पाटीवर एकच शब्द लिहिला, "निघालो". तिचं नेट बंद, तिला तो दिसणार नाही, हे ठाऊक असूनही लिहिला.

एस.टी.त त्यांनी ग्रामदेवतेपासून जेवढे आठवले तेवढे देव पाण्यात ठेवले. तिसरा मजला कसा चढले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. दार वाजवलं. आतून काही नाही. मग दोन्ही हातांनी बडवलं, तेव्हा कुठं कडी निघाली.

उज्ज्वला दारातच खाली बसली. अंग तव्यासारखं तापलेलं. खोलीतला फ्यूज उडाला होता, मोबाईल मरून पडला होता, आणि उठून कुणाला सांगायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"आबा? तुमी कसं काय?"

"तू तांबडी झालीस," गुरुजी म्हणाले. तिचं डोकं छातीशी धरून ते तसेच उंबऱ्यात बसले.

गल्लीतल्या डॉक्टरांनी औषध दिलं. दोन दिवसांनी ताप उतरला, मऊ भात पोटात राहिला, तेव्हा गुरुजींनी पिशवी तिच्यापुढं ठेवली. "भर कपडे."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? अट काय ठरली व्हती? तांबडा झाला आणि फोन करून बी माणूस सापडलं न्हाई, तर मुकाट्यानं दुसऱ्याच्या घरी. म्हैस मधी आणायची न्हाई, आणि कंपनी बी न्हाई."

उज्ज्वला रडत रडत हसली आणि कपडे भरू लागली.

घोडेगावला आल्यावर तिनं कॉम्प्युटर लावला, तर ते "निघालो" अजून पडद्यावर होतं. ऐसपैस रेघांच्या त्या पानावर गुरुजींचं मोत्यासारखं अक्षर पार थरथरलं होतं. तिनं पाटी ओढली, तांबडी शाई घेतली आणि त्या शब्दापुढं भलीमोठी बरोबरची खूण केली.

पुण्याचा ठिपका पुढं पंधरवडाभर तांबडाच होता. घरात त्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.