पालखीच्या पुढे

पद्मिनी मामींनी कागद स्वतःकडे ओढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे चूक आहे, शरयू."

अमेरिकेतल्या डब्लिनच्या देवळात शनिवारी उत्सवाची पालखी निघायची होती आणि कार्यक्रम आखायचं काम शरयूकडे होतं. तिने लिहिलं होतं: वेदपाठ, पालखी, आरती, आणि सगळ्यांत शेवटी, लोक जेवायच्या रांगेत उभे राहतील तेव्हा, 'तमिळ भजन'.

"ते भजन नाही," मामी म्हणाल्या. त्या मूळच्या तमिळ, पण माटुंग्यात वीस वर्षं काढल्यामुळे त्यांचं मराठी स्वच्छ होतं. फक्त वाक्याच्या शेवटी सूर जरा वर जायचा. "विष्णूची पालखी निघते तेव्हा तमिळ पदं म्हणणारे पुढे चालतात. मग देव. आणि वेद म्हणणारे त्याच्या मागे."

"वेद मागे?"

"वेद देवाला शोधत मागून येतात. तमिळच्या मागे देव स्वतः चालत येतो. माझे वडील असंच सांगायचे." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला. एकोणीस वर्षं त्या आरतीनंतर गात होत्या, मागे बूट-चपला शोधणाऱ्यांच्या गलक्यात. कधी तक्रार केली नव्हती.

शरयूने ते कमिटीपुढे मांडलं तेव्हा अध्यक्ष संजीव हसला.

"देऊळ सगळ्यांचं आहे यार. संस्कृत न्यूट्रल आहे. एका भाषेला पुढे केलं की उद्या प्रत्येक जण मागेल."

"मागू देत की. पण ही मूर्ती ज्या रीतीने बसवली, त्या रीतीचीच ही पालखी आहे. तिच्यातलं सोयीचं तेवढंच कसं घ्यायचं?"

शेवटी संजीवने पालखीपुढे गायला बारा मिनिटं दिली. चारशे लोकांचं जेवण तयार असणार होतं.

खरं तर शरयूच्या बोलण्यात तिचं स्वतःचंही एक दुखणं होतं. तिची सतरा वर्षांची वल्लरी सात वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की मामींकडे थांबायची, कारण आईबाप दोघंही ऑफिसात. तिथे ऐकून ऐकून तिला ती पदं पाठ झाली. घरी मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत. 'बाळ' म्हणताना 'बाल' म्हणणारी ही मुलगी तमिळमधला तो जिभेला पीळ घालणारा ळ मात्र सहज म्हणायची. शरयूला त्याचं कौतुक वाटे आणि आत कुठेतरी बोचतही असे.

शनिवारी पालखी देवळाला वळसा घालायला पार्किंग लॉटमध्ये उतरली. सर्वांत पुढे मामी, वल्लरी आणि आणखी चार बायका, मग देव, मागे वेद म्हणणारे पुजारी. पहिला कोपरा छान पार पडला. दुसऱ्या कोपऱ्यावर, पदाच्या ऐन मध्यावर, मामींचा श्वास संपला. आवाज तुटला. बाकीच्या बायका त्यांच्याकडे बघत गप्प झाल्या.

वल्लरीने तुटलेली ओळ उचलली. पण पाऊल उचललं नाही. मामींचं कोपर धरून ती जागेवर उभी राहून गात राहिली. गाणारे थांबले म्हणून पालखी थांबली, पालखी थांबली म्हणून पुजारी, आणि त्यांच्यामागे सगळी माणसं.

संजीव घड्याळ बघत आला. "शरयू, तिला चालायला सांग. नाहीतर पालखी साइडने पुढे घेऊ."

शरयू गेली. पद संपेपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "वल्लू, चल ना पुढे. मामींना आपण खुर्ची देऊ."

वल्लरीने मान वळवली.

"मामी पुढे, मग देव," ती मराठीत म्हणाली. "देव थांबलाय ना, आई? तू पण थांब."

शरयूने हातातल्या कागदाची घडी घातली.

वल्लरीने पुढचं पद धरलं. त्या मोकळ्या डांबरी आवारात तिचा एकटीचा आवाज आधी जरा कापरा निघाला, मग भरत गेला. पालखी उचलणाऱ्यांतल्या देवांगने दांडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, पण पालखी खाली टेकवली नाही. मागे मुख्य पुजारी वेद थांबवून, हात जोडून ऐकत होते. कुणीही बाजूने पुढे गेलं नाही.

तिसऱ्या पदाला मामी खालच्या सुरात मिसळल्या. मग त्यांनी एक पाऊल टाकलं. दांडे करकरले आणि देव त्यांच्या मागे निघाला.

"जेवण अर्धा तास पुढे ढकला," संजीव फोनवर कुणाला तरी सांगत होता. "हो, हो, मीच सांगतोय."

आरती झाल्यावर गर्दीतून वाट काढत एक वयस्क बाई शरयूपाशी आल्या. क्लीव्हलँडहून पहिल्यांदाच आल्या होत्या. त्या भरभर तमिळमध्ये बोलल्या. शरयूने कळत नाही अशी मान हलवली, तेव्हा इंग्रजीत आल्या.

"ती तुमची मुलगी? केवढे शुद्ध उच्चार! हे घरातच असावं लागतं. तुम्ही मूळच्या कुठल्या? कुंभकोणम?"

"अकोला," शरयू ताठ मानेने म्हणाली.

बाईंनी क्षणभर आठवून पाहिलं. मग, कावेरीकाठचंच एखादं गाव असावं, अशा समाधानाने त्यांनी मान डोलावली.