नाकताईचा शेरा

"झाकण उघडायचं, ठीक म्हणून लिहायचं. कोणाला कळतंय?" मॅनेजर आवाज खाली आणत म्हणाला.

"मला कळतंय ना," नाकताई म्हणाली.

डेअरीत तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. एकवीस वर्षं टेम्पोतून उतरणाऱ्या प्रत्येक कॅनवर ती वाकत आली होती. दूध आंबायला लागलेलं तिला यंत्राआधी कळायचं. आणि काल तिनेच नासकं कॅन पुढे सोडलं. अख्खा हौद गटारात ओतावा लागला.

घरी महिनाभर हेच चाललं होतं. शेजारच्या गॅसवर डाळ करपून कोळसा झाली तरी तिला पत्ता नाही. सासूबाईच बाहेरच्या खोलीतून ओरडत आल्या. डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं. "आतलं अस्तर सुजून जाड झालंय. धुरात उभ्या असता ना दिवसभर? आता तरी लांब राहा. गेलेला वास परत येईलच, असं नाही सांगता येणार."

"यंत्र बिघडलं होतं असं मी वर कळवतो," मॅनेजर म्हणाला. "चारच वर्षं राहिलीत तुमची. कशाला ओढवून घेता?"

"यंत्राला काय धाड भरलीय? नाक माझं गेलंय." तिने रजिस्टर पुढे ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : मला वास येत नाही. टेम्पो ओट्याला टेकून तासन्‌तास धूर ओकतात, त्यामुळे. खाली पूर्ण नाव, सही.

मग ती दूध उतरवायच्या ओट्यावर आली. अकरा टेम्पो धडधडत उभे होते.

"इंजिनं बंद करा. त्याशिवाय एक झाकण उघडू देणार नाही."

"आणि परत चालू नाही झाली तर? तू ढकलणार का?" पुढच्या टेम्पोवाल्याने विचारलं.

"ढकलीन."

सगळे हसले. हॉर्न वाजले. मॅनेजर धावत आला, दूध तापतंय म्हणून ओरडला. नाकताई कॅनांसमोर हाताची घडी घालून उभीच. अर्ध्या तासाने मागच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने खोकत खोकत किल्ली फिरवली. मग दुसऱ्याने. शेवटी पुढच्यानेही, शिव्या घालत.

"कॅन धुणाऱ्या मावशींना बोलवा," नाकताई म्हणाली. "वास त्या घेतील. त्यांना येतो."

दूध उतरलं. पुढचा टेम्पो खरंच चालू होईना. नाकताईने पदर खोचला आणि मागून खांदा लावला. हसणाऱ्यांतले दोघे खाली उतरले.

सोमवारपासून तिची बदली कॅन धुण्यावर झाली. रजिस्टरमधलं ते पान मॅनेजरने फाडलं. तिने दुसऱ्या पानावर तेच पुन्हा लिहिलं.

आता ती कोपरापर्यंत गरम पाण्यात हात घालून कॅन घासते. साबणाचाही वास येत नाही. पण बाहेर टेम्पो येऊन थांबतात, एकेक इंजिन गप्प होतं, आणि हौदात पडणाऱ्या दुधाचा आवाज तिच्यापर्यंत येतो.